एप्रिलात कोण आहे?

लावलेली झाडं जगवणाऱ्या आमच्या गटात यायचंय असं कुणी म्हणालं की आम्ही त्याला जूनमध्ये बोलवत नाही. एप्रिलमध्ये या म्हणतो. लातूरचा एप्रिल. पारा चाळिशी ओलांडून गेलेला, संध्याकाळचे पाच वाजले तरी रस्ता खालून भाजतोय, आणि पाच लिटरच्या कॅनची कडी बोटांत रुतलेली. आलेल्या माणसाच्या हातात खुरपं द्यायचं आणि ओळीतली जिवंत रोपं कोणती ते ओळखायला सांगायचं. पानं झडून नुसती काडी उरलेली असते. ती मेली की अजून दम धरून आहे, हे लांबून कळत नाही. त्यासाठी खाली बसून नखानं साल जराशी खरवडावी लागते. आत ओलसर हिरवं दिसलं तर पाणी घालायचं. तपकिरी दिसलं तर थोडं खाली सरकून परत खरवडायचं, कारण शेंड्याकडून वाळत आलेलं रोप बुडाशी पुष्कळदा जिवंत असतं आणि पाऊस पडला की तिथून फुटतं. बरेच जण उभ्याउभ्याच निकाल देऊन टाकतात, "हे गेलं, हेही गेलं." ते पुन्हा दिसत नाहीत. जे बसतात, ते बहुतेक पुढच्या रविवारी येतात.

जूनमध्ये माणसांची कमतरता कधीच नसते. माझं झेरॉक्सचं दुकान ट्यूशन एरियात आहे, त्यामुळे मला हे दुकानात बसूनच दिसतं. नीट, जेईईची पोरंपोरी कुठून कुठून येतात. नांदेड, परभणी, बीड, अगदी विदर्भातूनही. जूनमध्ये नवी बॅच, पहिला पाऊस, आणि कुठल्या तरी क्लासचं वृक्षारोपण. एका रोपाला सहा सहा हात लागलेले असतात. पाहुण्यांसाठी खुर्च्या, नारळ, फोटो. रोप बिचारं अजून पिशवीतच असतं आणि त्याच्या फोटोला दोनशे लाइक पडलेले असतात. पोरं मात्र मनापासून करतात, हे मी सांगेन. त्यांच्यातली काही रोज येता-जाता बाटलीतलं उरलेलं पाणी घालतातही. पण एप्रिल उजाडला की तीच पोरं मान वर करत नाहीत, आणि मेच्या सुरुवातीला नीट झाली की दोन दिवसांत होस्टेलं ओस पडतात. बॅगा, गाद्या, कूलर घेऊन सगळा ट्यूशन एरिया गावोगाव निघून जातो. रोपांना सगळ्यांत जास्त माणसं लागतात त्याच आठवड्यात इथे सगळ्यांत कमी माणसं असतात. यात पोरांचा काही दोष नाही. पण क्लासच्या वर्षाच्या हिशेबानं झाड लावलं तर ते पहिल्या उन्हाळ्यात जाणार, हे उघड आहे.

म्हणून आमचा एकच नियम आहे. खड्डा घेण्याआधी विचारायचं, इथे एप्रिलात कोण आहे? आणि उत्तर 'आम्ही सगळे' असं आलं, तर खड्डा घ्यायचा नाही. सगळे म्हणजे कुणीच नाही. एक माणूस हवा, त्याचं तिथून रोजचं जाणं-येणं हवं, आणि झाडात त्याचा काहीतरी स्वार्थ हवा. स्वार्थ म्हटल्यावर गटातल्या काही जणांना अवघडल्यासारखं होतं. मला होत नाही, मी दुकानदार आहे.

आमचा सगळ्यांत भरवशाचा गडी कोण, तर रसवंतीवाला. रसवंती फेब्रुवारी-मार्चमध्ये लागते आणि पाऊस येईतो चालते, म्हणजे झाडाचा कठीण काळ आणि त्याचा धंद्याचा काळ नेमका एकच. ग्लास विसळलेलं पाणी दिवसभर निघत असतं. चरकातून निघालेली चिपाडं ढिगानं पडलेली असतात, ती दोन दिवस वाळवून रोपाभोवतीच्या आळ्यात पसरली की माती झाकली जाते. आणि गिऱ्हाइकाला बसायला सावली हवीच असते. आमच्या भागात ज्या दोन ठिकाणी दरवर्षी रसवंती लागते, तिथली झाडं ओळखू येतात, बाकीच्यांपेक्षा सरळसरळ उंच आहेत. गोड पाण्यानं मुंग्या होतात, ही एक तक्रार आहे. तर विसळलेल्या पाण्याची पहिली बादली गटारात आणि दुसरी झाडाला, असं आम्ही ठरवून घेतलं. तो ते पाळतो की नाही ते मी तपासत बसत नाही. झाड उभं आहे.

पाण्याचं बोलणं लातुरात जपूनच करावं लागतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे इथे आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधी मार्चमध्ये टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं होतं. गल्लीत घागरींच्या रांगा रात्रभर असायच्या. लहान पोरं शाळेला जायच्या आधी रांगेत नंबर धरून बसायची. त्या उन्हाळ्यात मी दुकानासमोरच्या कडुनिंबाला तांब्याभर पाणी घालत होते, तर समोरच्या घरातली आजी ओट्यावरूनच म्हणाली, "माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही झाडाला ओतलालाव व्हय?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. तांब्यात भाजी धुतलेलं पाणी होतं, पण तिला लांबून ते कसं दिसणार. मला तिचं म्हणणं आजही बरोबर वाटतं. प्यायचं पाणी झाडाला घालायचं नाही, हा आमचा दुसरा नियम त्या वर्षापासूनचा आहे, आणि धरण भरलेल्या वर्षीही आम्ही तो मोडत नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, साबण नसलेलं आंघोळीचं, कूलरच्या टाकीतलं, एवढ्यावर एका घराचं एक झाड आरामात निघतं. दोन नाही निघत, हेही सांगून ठेवते.

जारच्या पाण्याचे प्लांट आता गल्लोगल्ली झालेत. त्यांतून जे पाणी वाया सोडतात, ते पाहून नव्या माणसाला फार आनंद होतो. फुकट, रोज आणि भरपूर! पण ते पाणी खारं असतं. आरओनं जे क्षार गाळून काढले ते सगळे त्यातच असतात. काळ्या जमिनीत ते मुरत नाहीत, साठत जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांत पानांच्या कडा करपायला लागतात. करंज, कडुनिंब असली काटक झाडं ते थोडंफार सोसतात, तेही एक पाळी त्याची आणि एक पाळी साध्या पाण्याची अशी दिली तर. जांभळाला किंवा बकुळीला ते घालू नये.

आता काळ्या मातीविषयी. झाडं कशी लावावीत यावरचे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक मुरमाड किंवा तांबड्या जमिनीतले असतात. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, शेणखत, माती, रोप, पाणी, झालं. आमच्या काळ्या रानात असा खड्डा घेतला की ऑगस्टमध्ये त्याचा हौद होतो. चारी बाजूंची माती चिकण, पाणी कुठेच निचरत नाही, आणि ज्या रोपाला पाणी कमी पडेल म्हणून आपण काळजी करत होतो ते बुडाशी कुजून मरतं. म्हणून तळाशी मुरूम आणि खडी घालतो, भरायच्या मातीतही मुरूम मिसळतो, आणि रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं वर ठेवतो. पाऊस पडला त्याच दिवशी चिखलात लावायचं नाही, वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे चिखल सुकून माती मोकळी होऊ द्यायची. हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण आम्ही सगळे दुकानदार, क्लार्क, मास्तर, एक निवृत्त पोस्टमन. आम्हाला ते शिकावं लागलं.

हीच माती मार्चपासून उलटं रूप घेते. पाणी पिऊन फुगलेली जमीन आता आकसायला लागते आणि भेगा पडतात. खुरप्याची अख्खी मूठ आत जाईल एवढ्या. अशी भेग जर आळ्यातून गेली तर कोवळी मुळं ताणून तुटतात, उरलेल्यांना गरम हवा लागते. त्यात आपण वरून कॅन ओतला की पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. वरची माती काळीभोर ओली दिसते, समाधान होतं, आणि बुडाशी टिपूस पोचलेला नसतो. तेव्हा आधी खुरपं. आळ्यातली माती हलवून भुसभुशीत करायची, भेगा तिनं बुजवायच्या, मग पाणी, तेही एकदम नाही. अर्धं घालून पुढच्या रोपाकडे जायचं आणि येताना उरलेलं अर्धं घालायचं. वरून सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, नाहीतर उसाचं पाचट चांगलं चार बोटं जाड. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात, कोळपणी म्हणजे माती वरवर हलवणं, ते या कामाला तंतोतंत लागू पडतं. गुळीखाली वाळवी येते हे खरं, म्हणून बुंध्याला चिकटवून पसरायची नाही आणि थोडी निंबोळी पेंड मिसळायची. राजस्थानात पिपलांत्री गावात मुलगी जन्मली की १११ झाडं लावतात, तिथे वाळवीसाठी झाडांभोवती कोरफड लावतात म्हणे. आम्ही दोन ठिकाणी लावली. एका ठिकाणची कोरफड कुणीतरी केसांना लावायला उपटून नेली.

मेलेलं रोप काढून टाकताना आम्ही ते उपटून बघतोच. निम्म्या वेळा कारण तिथेच हातात येतं. काळी पिशवी तशीच असते. कार्यक्रमाच्या गडबडीत कुणीतरी पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवलेलं असतं, वरून माती, वरून पाणी, टाळ्या. काही वेळा पिशवी काढलेली असते, पण रोप नर्सरीत इतके दिवस पडून राहिलेलं असतं की मुळं तळाशी चकलीसारखी गोल गोल फिरलेली असतात. मातीत गेली तरी ती गोलच फिरत राहतात. असलं झाड लगेच मरत नाही. पाच-सात वर्षं छान वाढतं आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात बुडासकट आडवं होतं, आणि लोक म्हणतात, केवढं मोठं वादळ झालं! पिशवी काढल्यावर तळाची ती वेटोळी कात्रीनं कापायची असतात. नवशिक्यांचा जीव होत नाही. मुळं कापायची म्हणजे त्यांना पाप वाटतं.

काठी बांधतानाही तेच. रोपाला काठीशी करकचून आवळलं की ते सरळ दिसतं, पण वाऱ्यानं हललं नाही तर खोड भरत नाही. सुतळीचा इंग्रजी आठ करून सैल वेढा द्यायचा.

वनमहोत्सव आपल्याकडे १९५० च्या जुलैपासून आहे. कन्हैयालाल मुन्शी तेव्हा केंद्रात अन्न आणि कृषी खात्याचे मंत्री होते. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१७ मध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात ४ कोटी, २०१८ च्या जुलैत १३ कोटी आणि २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी. तेहेतीस कोटी म्हटल्यावर देव आठवणारच. पुढे त्यातली किती जगली यावरून विधिमंडळात वाद झाला, चौकशी समितीची घोषणाही झाली. त्या वादात मला पडायचं नाही. सरकार कुणाचंही असो, माझं लक्ष जातं ते तारखांकडे. सगळ्या तारखा पावसातल्या आहेत. १ जुलै, ७ जुलै, ३१ जुलै, ३० सप्टेंबर. एखाद्या वर्षी कुणी मंत्र्यानं १५ एप्रिलला राज्यभर कार्यक्रम ठेवावा आणि मागच्या जुलैतल्या खड्ड्यांपाशी जाऊन उभं राहावं. खुर्च्या, नारळ, फोटो, सगळं चालेल.

सरकारी योजनांत मला मनापासून आवडलेली एक आहे. तिचं नाव बिहार पॅटर्न. शिकवणीच्या लातूर पॅटर्नच्या गावात बसून झाडांच्या बिहार पॅटर्नचं कौतुक करायचं म्हणजे जरा गंमतच! रोजगार हमीतून रस्त्याकडेला किंवा गायरानावर लावलेली दोनशे रोपं, एक गट, मजुरांच्या कुटुंबांकडे सोपवायची. त्यांनी ती काही वर्षं सांभाळायची आणि त्याची मजुरी घ्यायची. मजुरी जगलेल्या रोपांच्या टक्केवारीशी बांधलेली. रेणापूरच्या बाजूला एका गावात अशी एक आजी मी पाहिली. डोक्यावर पदर, कमरेला विळा, आणि रस्त्याच्या एका अंगानं मैलभर पसरलेला तिचा पसारा. प्रत्येक रोपाला बोरीच्या, बाभळीच्या काट्याकुट्यांचं कुंपण तिनंच केलेलं. लोखंडी जाळी तिनं मागितलीही नव्हती.

"आजी, रोज मोजता का?"

"मोजायचं काय त्यात? लेकरं मोजतंय व्हय कुणी? न्हाई दिसलं की कळतंय."

मग जरा थांबून म्हणाली, "पगार झाडावर हाय, बाई. झाड मेलं की पगार मेला."

ही आजी पर्यावरणाविषयी एक शब्द बोलली नाही. तिच्या दोनशेतली मोकळी आळी मी चालत चालत बघत गेले, फारच थोडी सापडली. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, त्यातही बायकांना थोडे पैसे मिळत ते रोप लावल्याचे नव्हेत, रोप जगल्याचे. नोबेल मिळालं २००४ मध्ये, पण अक्कल ही त्या पहिल्या हिशेबातली. अर्थात पैशाशिवायही होतं. शेजारच्या कर्नाटकात सालुमरद तिम्मक्का आणि त्यांच्या यजमानांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर शेकडो वड वाढवले, घागरींनी पाणी वाहून. त्यांना कुणी मजुरी दिली नव्हती. पण तिम्मक्का एखादीच होते, आणि योजना आखताना आपण दर गावात एक तिम्मक्का असेल असं धरून चालतो. आजी मात्र दर गावात असते.

पण जगण्याची टक्केवारी हीच एक फूटपट्टी धरली तर दुसरीच गंमत होते. काशिदाचं झाड बघा. पिवळ्या फुलांचे तुरे येतात, दिसायला वाईट नाही, भराभरा वाढतो. शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो जगतो, आणि जगतो म्हणून नर्सऱ्यांत तोच भरलेला असतो. गिरिपुष्पाचंही तसंच. मग मैलोन्मैल रस्ता असल्याच झाडांचा होतो. हिरवा, टक्केवारी उत्तम, आणि त्यावर ना चार पाखरं ना खाली वेचायला एखादं बोर. ज्या झाडाला कुणी खात नाही ते कुणाच्या फारसं उपयोगाचंही नाही, हे टक्केवारीच्या रकान्यात कुठे लिहायचं? उंबर लावला तर शेळी खाते, पोरं ओरबाडतात, सांभाळणं जिवावर येतं. पण तो एकदा डोक्याच्या वर गेला की पुढची शंभर वर्षं पाखरांचं अन्नछत्र. आमच्यात यावरून दरवर्षी भांडण होतं. पोस्टमनकाका करंजाच्या बाजूचे, मी उंबर-वडाच्या. शेवटी जिथे माणूस पक्का आहे तिथे उंबर, जिथे माणूस कच्चा आहे तिथे करंज, असा तह झालेला आहे.

शेळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. रिंगरोडच्या बाजूला एक मावशी दहा-बारा शेळ्या घेऊन रोज येते. आमच्यातल्या एका तरण्या पोरानं तिला दमच भरला होता, मोबाइलवर शूटिंग काढीन म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "काढ की. शेळीला काय ठावं कुणाचं झाड हाय ते. मला सांग, तिनं काय खावं?" प्रश्न अगदी चोख होता. जिथे आम्ही झाडं लावली तिथे ती आमच्या आधीपासून शेळ्या चारत होती. मग बसून बोलणं झालं. पलीकडे नाल्याकडेला सुबाभूळ माजलेली आहे, तिच्या फांद्या आमच्यातले दोघं उंचावरून तोडून देतात. शेळ्यांना सुबाभळीचा पाला आवडतो, आणि तिचं बी पडून ती आणखी पसरण्यापेक्षा तोडलेली बरी. बदल्यात मावशीनं ओळ राखायची. दुसऱ्यांच्या शेळ्यांनाही ती आता हाकलते, आणि आम्हाला शोभणार नाही अशा भाषेत हाकलते. तिनं स्वतःच्या दारासाठी एक शेवगा मागितला. गटातल्या एकांनी लगेच शंका काढली, शेवग्याची सावली ती काय. पण सावली तिनं मागितलीच नव्हती, शेंगा मागितल्या होत्या. दिला. झपाट्यानं वाढला.

एक काम आम्ही चक्क नाकारलं. एका कंपनीचा माणूस आला होता, चांगला होता, पैसे होते, जागा होती. गावाबाहेरच्या माळावर पाच हजार झाडं. फोटो दाखवले, "बघा ताई, सगळं उजाड आहे." मी माळ ओळखते, माहेर तिकडचं आहे. पाऊस पडला की त्या उजाड जागेत मारवेल आणि पवन्या हे गवत गुडघ्याएवढं होतं, चंडोल जमिनीवर घरटी करतात, खोकड दिसतं, नशीब असेल तर लांडगा. धनगरांची मेंढरं त्यावरच जगतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं. त्या पक्ष्याला लांबवर मोकळी नजर लागते, जमिनीवर अंडं घालतो. अशा गवताळ रानात झाडांच्या रांगा उभ्या करणं म्हणजे त्याला घरातून काढणंच. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे शहरात राहून डोक्यात बसलेलं गणित आहे. त्या गृहस्थांना मी म्हटलं, हेच पैसे तुमच्या कारखान्याजवळच्या रस्त्यावरच्या जुन्या चिंचांना द्या, त्यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आलंय, ते फोडून घ्या, खिळे काढून घ्या. ते हसले. चिंचेबरोबर उद्घाटन कसं करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढे काय झालं मला कळलं नाही.

आठवणीची झाडं, वाढदिवसाची झाडं यांना आम्ही नाही म्हणत नाही. पण वडिलांच्या नावानं लावलेलं झाड दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं तर घरच्यांना काय सांगायचं, हा प्रसंग फार वाईट. एक बाई तर दुकानाच्या पायरीवर बसून रडल्या. तेव्हापासून नावाची पाटी तीन उन्हाळे काढल्याशिवाय लावायची नाही, असं ठरवलंय. पाटी आधी, झाड नंतर, याला आमचा विरोध आहे.

तीन उन्हाळे निघाले की पाणी हळूहळू तोडायचं. आठवड्याचं पंधरवड्यावर, पंधरवड्याचं महिन्यावर, मग बंद. हे काम पाणी घालण्यापेक्षा अवघड जातं. ज्यानं रोज घातलंय त्याचा हात थांबत नाही. चोरून घालतात. वरवरच्या पाण्यावर झाड वाढवलं की मुळं वरच राहतात, खाली जायची त्यांना गरजच पडत नाही, आणि मग एखाद्या वर्षी माणूस गावाला गेला की एवढं मोठं झाड माना टाकतं. आमच्या पोस्टमनकाकांना त्यांच्या बहाव्याचं पाणी तोडायला लावताना माझी अख्खी फेब्रुवारी गेली. "मॅडम, लेकराला उपाशी ठेवायचं का?" म्हणाले. लेकरू तेव्हा त्यांच्या दुप्पट उंच होतं.

आणि रोपाभोवतीची लोखंडी जाळी. जाळी बसवताना गावभर फोटो, काढायची आठवण मात्र कुणालाच राहत नाही. शहरात फिरून बघा, बुंध्यानं लोखंडी सळी गिळलेली दहा झाडं सहज सापडतील. सालीवर लोखंडाचा कायमचा आवळा बसतो, वरून रस उतरत नाही, आणि झाड एका बाजूनं वाळायला लागतं. जिच्यावर अजून कुणा दात्याचं नाव रंगवलेलं आहे अशी जाळी काढायची म्हणजे परवानगीपासून सुरुवात. आमचे वेल्डिंगवाले मामा ग्राइंडर घेऊन येतात, साल न दुखवता कापतात, सरळ करतात आणि परत जोडून देतात. एका जाळीत आमची आतापर्यंत तीन झाडं मोठी झालीत. पैसे घेत नाहीत, फक्त चहा, तोही बिनसाखरेचा.

गेल्या आठवड्यात त्यांनी बार्शी रोडवरच्या उंबराची जाळी काढली. ती आता त्यांच्या दुकानापुढे उभी करून ठेवली आहे. नवी जागा नाना-नानी पार्कच्या मागच्या गल्लीत सुचवलेली आहे. जागा चांगली आहे, वर वायरी नाहीत, नाली लांब आहे, रोपही तयार आहे. तिथे एका बाजूला बंद गोडाऊन आणि दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या, म्हणजे पोरंच. समोरचा इस्त्रीवाला हो-नाही करतोय, त्याला उंबर नको, पिकलेली उंबरं कपड्यांवर पडतात म्हणतो. कडुनिंब चालेल का, विचारलंय. रविवारी सांगतो म्हणाला.